डिस्टर्बिंगचा शेरा

माझं काम ऐकून लोक हसतात. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या घरी त्यांची मुलं कॅमेरा बसवतात. म्हैसूरच्या ऑफिसात बसून त्या क्लिपा मी बघते आणि शेरा मारते: ‘साधं’ किंवा ‘डिस्टर्बिंग’. डिस्टर्बिंग लिहिलं की मुलांच्या फोनवर निरोप जातो. आमचे साहेब वादिराज यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "रक्त दिसलं की डिस्टर्बिंग लिहून मोकळं होऊ नका. भाजी चिरताना बोटही कापतं. बघून झाल्यावर जे डोक्यातून जात नाही, ते डिस्टर्बिंग."

सरगूरला आईच्या घरी कॅमेरा मीच बसवला. बसवला आणि सुटले. आठ महिने तिकडे फिरकले नाही. बसने दोन तासांची वाट, पण सबबी सांगण्यात मी पटाईत.

परवा दुपारी जेवायची सुट्टी झाली. मला भूक नव्हती. गेले काही दिवस दुपारी नसायचीच. म्हणून पुढची क्लिप उघडली. त्यात आई जेवत होती. कॅमेऱ्याकडे तिची पाठ, समोरची खुर्ची रिकामी, आणि त्या खुर्चीपुढे दुसरं ताट, तिच्या पाठीआड अर्धं झाकलेलं.

"सुमा, भातावर अजून स्वल्प शेवग्याची हुळी घालू? सुम्ने, उगाच नको म्हणू नकोस. शेंगा तूच खा, मला दात कुठले?" ती थांबली, काहीतरी ऐकलं आणि हसली. "हौदु, हौदु," म्हणत तिने होकारार्थी मान हलवली. सुमा म्हणजे मी.

त्या घरच्या आधीच्या अकरा क्लिपांवर शेजारच्या टेबलावरच्या मंजुनाथचा शेरा होता: साधं. त्याला आमच्या घरातलं कन्नड मिसळलेलं मराठी कळत नाही. जेवताना पुटपुटणारी एक म्हातारी, एवढंच त्याला दिसलं असणार.

मी डिस्टर्बिंग लिहिलं. लगेच माझाच फोन वाजला: ‘तुमच्या घरी काही डिस्टर्बिंग आढळलं आहे.’ मला स्वतःची लाज वाटली. मिळेल ती बस पकडली.

आईने दार अर्धवटच उघडलं.

"आई, मी सुमा."

"सुमा आत्ताच जेवून गेली की," ती म्हणाली. "तुम्ही कोण?"

वय झालंय, विसर पडतो, असं स्वतःला समजावत मी मोरीत हात धुवायला गेले. तिथे दोन खरकटी ताटं होती. एकात थोडा मऊ कालवलेला भात. दुसरं चाटूनपुसून साफ, आणि कडेला शेवग्याच्या शेंगांचा चावलेला चोथा, लहानपणापासून मी लावते तसाच ओळीने लावलेला.

आईने मला पाहुण्याला देतात तसं पाणी आणून दिलं.

"तिला भेटायचं असेल तर उद्या एक वाजता या," ती म्हणाली. "ती एक दिवस चुकवत नाही."