वाघर उघडली तवा मी पिशवीत हुते

कान जरा हिकडं करा. मी कातर बोलतीय, मेंढराची लोकर कापायची कातर. नाक मुरडू नका. थंडीत घोंगडं पांघरता न्हवं? त्याला पयलं तोंड माझं लागतंय.

जन्म माझा सुप्यातल्या लोहाराच्या भट्टीत. टरकाचा मोडका पाटा तापवला, ठोकला, आन मी झाले. लोणी भापकरच्या तात्याबानं मला उचलली, अंगठ्यानं धार बघाय गेला, तर मी त्याला चावले. "ही चालंल," म्हणला, आन अंगठा चोखत मला घरी घेऊन आला. तवापास्नं आमचं जमलं.

काय दिवस हुते! मोठा कळप. मेंढरं धुवून आणायची, पाय बांधून आडवी पाडायची, की मी पोटाकडनं सुरू. एखादं लई बें बें कराय लागलं तर कानापशी उगाच करकर करायची मी. भ्यान गप व्हायचं.

तात्याबाची एक रीत हुती. समदी लोकर काढली तरी डाव्या कानामागं एक झुबका ठेवायचा. दुसऱ्याच्या कळपात मिसळलं तर वळखू यावं, म्हणून ती खूण. तो झुबका कापायचा फकस्त मेंढरू इकल्यावर. झुबका गेला, म्हंजी ते आता आपलं न्हाय.

म्होरं चरायची रानं सरली. कळप गेला. शेवटचा झुबका कापून तात्याबानं मला दाराच्या चौकटीवर खोचली, ती बारा वरसं. पाली माझ्यावर बसून माश्या मारायच्या. कधीमधी दुधाची पिशवी फोडाय काढायचे. लोकर खाल्लेल्या तोंडाला प्लास्टिक! जाऊ द्या.

तात्याबाची बायको कुशाबाई, गावातली एक नंबरची चाबरी म्हातारी. औंदा भाकरी थापता थापता तिचा हात लुळा पडाय लागला. डोक्यात गाठ निघाली. गाठ असल्या जागी, की चाकू लावला तर बोलणंच जायचं. आन कुशाबाईचं बोलणं गेल्यावर मागं ऱ्हातंय काय?

नात स्वराली बारामतीला नर्सिंग शिकती. पुण्याच्या दवाखान्यातनं आल्यावर चौकटीखाली बसून तिनं आज्याला समजावलं. मी वरनं ऐकत हुते.

"आबा, औषध हाय, पण रगतातनं मेंदूत शिरत न्हाय. तिथल्या शिरांची वीण लई दाट असती."

"वाघर म्हण की," तात्याबा म्हणला. वाघर म्हंजी रातीला मेंढरांभवती लावत्यात ती जाळी. "लांडग्याला अडवती."

"व्हय. पण वैद्यालाबी अडवती."

"मग?"

"सुईनं रगतात बारीक बारीक बुडबुडे सोडत्यात. मग भायेरनं, कवटीतनं, गाठीवर आवाज धरायचा. कानाला ऐकू येत न्हाय असला. त्यानं बुडबुडे थरथरत्यात, वीण सैल हुती, औषध आत. एक-दोन दिसात जाळी परत घट्ट. नवं हाय आबा, अजून पारखत्यात. पर आजीला त्यात घ्याय डॉक्टर तयार हायत."

"डोकं न फोडता?"

"न फोडता. केस मातर समदे काढाय लागतील. केसात हवा अडकती, तितं आवाज मरतो."

कुशाबाई म्हणली, "परक्याची कातर न्हाय लावून घेणार. ह्यांनी हजारानं मेंढरं कातरली, एक म्हातारी कातराय काय हुतंय?" आन बोट केलं माझ्याकडं. चौकटीवर गंजासकट थरारले मी.

अंगणात पोतं हातरलं. तात्याबानं मला दगडावर घासली, तेल लावलं.

"पाय बांधू का, कुशे?"

"तोंड बांधा म्हणत न्हाय, तवर बरंय."

पांढरे केस पडत गेले. आन जित्याची खोड बघा, डाव्या कानामागं तात्याबाचा हात आपसूक थांबला. झुबका ऱ्हायला.

पुण्याला मलाबी नेलं. भाकरीच्या फडक्यात लपवून, कुशाबाईनंच. दवाखान्यात उरल्याल्या खुटांवर सिस्टर वस्तरा फिरवत फिरवत कानापशी आली, तर तात्याबानं झुबक्यावर पंजाच ठेवला.

"ही खूण हाय. ऱ्हाऊ द्या."

उत्कर्षा मॅडम, मोठ्या डॉक्टरीण, आल्या. "आबा, एवढ्या केसांनीसुद्धा आवाज अडतो. आणि अर्ध्या तासात सुरू झालं नाही, तर आजचा नंबर जाईल."

"मॅडम, झुबका कापला की जनावर आपल्यातनं गेलं. ह्या हातानं मी तिचा न्हाय कापणार."

घड्याळाचा काटा पळत हुता.

"अवं," कुशाबाई म्हणली, "मला इकाय आणलीय व्हय? ही दात पडल्याली मेंढी घेतंय कोण?" सिस्टरनं तोंडावर हात धरला. "कापा आन तुमच्या मुंडाशाला बांधा. आज खूण तुमच्या अंगावर. मी भायेर आले की वळखीन, माझा म्हातारा कंचा ते."

तात्याबानं मला फडक्यातनं काढली. इतकं हळू मी जल्मात कापलं न्हाय. कोकरावानी मऊ हुते हो केस.

मला लई वाटत हुतं आत जावं, बघावं. पर तितं डोक्याचा फोटो काढायच्या यंत्रात एवढं मोठं चुंबक, की माझ्यासारखी लोखंडी उडत जाऊन चिकटायची. कुशाबाईची जोडवीबी काढून घेतली. मी तात्याबाच्या मांडीवर, पिशवीत. तो फडक्यावरनंच मला दाबत हुता. त्याचं काळीज माझ्या पात्यात वाजत हुतं. आतलं मला मागनं कळलं. कुशाबाई म्हणली, डोक्यावर टोप घातला, टोपात गार पाणी खेळवलं, बारवंत मुंडकं घातल्यावानी.

दोन-अडीच तासानं स्वराली पळत आली. "आबा, वाघर उघडली! फोटोत गाठीपाशी पांढरं उजळलंय. औषध आत चाललंय."

"गाठ गेली?"

"ते इतक्यात कळत न्हाय. पर वैद्य आत गेला, आबा."

तात्याबानं दोनदा मान हलवली. "वाघर परत लागली का ते बघा म्हणावं."

मग चाकाच्या खुर्चीत कुशाबाई आली. तुळतुळीत डोकं. बाकड्यावर चार म्हातारे बसल्याले. एकेकाकडं बघत बघत ती तात्याबापाशी थांबली. टक लावून बघितलं.

"कोण वो तुमी?"

तात्याबाचा चेहरा मातीचा झाला. मी पिशवीत गारठले. गाठीपायी आलो आन वळखच गेली का काय?

तिनं हात वर केला, मुंडाशाचा झुबका चिमटीत धरला. "खूण तर आमच्याच कळपाची दिसती," म्हणली, आन फिदीफिदी हसली.

"मेले, तुझ्या..." म्हणत तात्याबा रडाय लागला.

आता मी चौकटीवर न्हाय, दाराच्या खिळ्याला टांगलीय, हाताशी. दवाखान्याच्या अजून चार खेपा हायत. गाठीचं काय हुतंय ते डॉक्टरीणबाई सांगतील, मी लोखंड, मी कशाला सांगू? कुशाबाईच्या डोक्यावर तांदळाएवढे केस आल्यात. भाकरी अजून वाकडी हुती, पर जीभ सरळ हाय.

तुमच्याबी चौकटीवर असंल कुणीतरी गंजत पडल्यालं. भंगारवाल्याला देऊ नका. तेलाचं एक बोट लावून ठेवा. आन हो, तात्याबाचा झुबका अजून मुंडाशालाच हाय. सोडाय गेला की कुशाबाई वरडती, "इकून टाकीन हां तुमाला!"