मुठीतली ऊब

मित्रांनो, तुमच्या ओळखीत एखादं किडकिडीत पोर असेल. त्याला पाहून त्याची आजी म्हणत असेल, "हा पेटीतला आहे हो!" ती पेटी म्हणजे मी. दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांना ऊब देणारी काचेची पेटी. आता मी जुनी झाले आहे. इस्पितळाच्या अडगळीच्या खोलीत पडून आहे आणि माझ्या पोटात बाळाऐवजी फिनेलच्या बाटल्या आहेत.

कारखान्यात मला घडवलं तेव्हा कारागिराने मला एक हीटर दिला, हात आत घालायला दोन गोल खिडक्या दिल्या आणि एक तार दिली. तारेच्या टोकाला छोटी चकती असते. ती बाळाच्या पोटावर चिकटवतात. बाळ गार झालं की मी तापते, उबदार झालं की थांबते. चकती निघून पडली की कर्कश ओरडते. माझी सारी अक्कल त्या चकतीत.

नवी होते तेव्हा माझं कोण कौतुक! डॉक्टर पाहुण्यांना मुद्दाम आणून दाखवत. माझ्यातली कितीतरी बाळं बाळसं धरून घरी गेली. काही गेली नाहीत. तेव्हा त्यांच्या आया दाराबाहेर उभ्या होत्या. त्यांना आत यायची परवानगी नव्हती. बाळ त्यांच्या हाती आलं ते गार झाल्यावरच. हे मी अजून विसरलेली नाही.

मग एकदा ती आली. मातीची भांडी घडवायची, म्हणून सगळे तिला मडकेवाली म्हणत. नखांच्या कडांना अजून माती होती. तिची लेक ओंजळीत मावेल एवढीच. खोलीच्या मुख्य परिचारिकेला सगळे मोठ्या सिस्टर म्हणत. बोलायला कडक, पण त्यांनीच मडकेवालीला आत येऊन खिडकीतून हात घालायची मुभा दिली. बसायला मात्र काही नव्हतं. ओली बाळंतीण दिवसभर उभी.

काचेला कपाळ टेकून ती पुटपुटे, "माझीच भट्टी लवकर उघडली गं. कच्चीच काढली तुला."

दाराबाहेरून तिच्या सासूबाई हाक मारत, "अगं, दोन घास खाऊन घे. ती पेटी काही पळून जात नाही!" मग सिस्टरांना म्हणत, "कपाळ घासून घासून काच पातळ करेल हो ही. मग आम्हाला बोलू नका!" बोलता बोलता पदराने डोळे पुसत.

एका दुपारी चकतीखालची कातडी लाल झाली. लेक कण्हू लागली. आईला बघवेना. तिने चकती हळूच सोडवली. पण ती पडली की मी ओरडणार आणि लेक दचकणार, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिने ती आपल्या मुठीत घट्ट धरून ठेवली.

मला मूठ दिसत नाही, मित्रांनो. मला एवढंच कळलं, की छान ऊब आहे. मी हीटर बंद केला.

लेकीचं कण्हणं थांबलं. आईला वाटलं, दुखायचं थांबलं. पण लेक गारठत चालली होती.

मोठ्या सिस्टर फेरीला आल्या. त्यांनी बाळाचे निळे पडलेले तळवे पाहिले, मग आईची मूठ पाहिली. "उघड बघू... अगं बाई, काय केलंस हे!"

मडकेवालीने मूठ उघडली. "तिला टोचत होतं हो. मारलं का मी तिला? बोला ना सिस्टर, मारलं का?" ती माझ्याशेजारी खालीच बसली.

सिस्टरांनी चकती पुन्हा लावली. मी जिवाच्या आकांताने तापू पाहत होते, पण माझा हीटर थकलेला. शेजारच्या पेट्या भरलेल्या. तळवे निळेच.

सिस्टर तिच्याकडे वळल्या. "ऊठ. तुझी मूठ या पेटीला बाळ वाटली, एवढी धग आहे तुझ्यात. वरची बटणं काढ."

"नको! माझ्या हाताला यश नाही. मी हिला कच्चीच..."

"कच्चं राहिलेलं भांडं फेकता का तुम्ही?"

"नाही. पुन्हा भट्टीत घालतो."

"मग घाल."

सिस्टरांनी डॉक्टरांची खुर्ची ओढत आणली. "अहो, माझी खुर्ची!" डॉक्टर म्हणाले.

"तुम्ही उभे राहा. तुम्ही बाळंत झालेले नाही."

लेकीला आईच्या उघड्या छातीवर पालथं ठेवलं आणि दोघींना एका चादरीत गुंडाळलं. आतापर्यंत ठाऊक होते तेवढे सगळे देव तिने आळवले होते. आता तिच्या ओठांवर एकही नाव नव्हतं. ती फक्त श्वास घेत होती. तिचा श्वास वर आला की लेक वर येई, खाली गेला की खाली. चाकावर माती मधोमध बसेपर्यंत ती जशी निश्चल बसत असेल, तशी बसली होती. मी शेजारी रिकामीच तापत होते.

बराच वेळ काहीच झालं नाही. सिस्टर तळवे बघत आणि मान फिरवत. बाहेर सासूबाई दाराला कान लावून उभ्या होत्या.

मग लेकीने इवलंसं तोंड वळवलं आणि कातडी चाटली.

"सासूबाई," ती कुजबुजली, "ही शोधतेय हो मला."

बाहेर सासूबाईंनी हात जोडले.

पुढे कितीतरी दिवस लेकीचा जीव टांगणीलाच होता. पण मडकेवाली घरी गेली तेव्हा लेक छातीशीच बांधलेली होती. ती खुर्ची सिस्टरांनी परत केली नाही. तिच्यावर मग दुसऱ्या आया बसल्या.

यथावकाश सिस्टर निवृत्त झाल्या. माझा हीटर विझला. "बघू उद्या," म्हणत मला इथे टाकलं. नंतर नव्या साहेबांनी जागा अडते म्हणून ती खुर्चीही इथेच आणून टाकली. भिंतीपलीकडून मला ऐकू येतं. कुणीतरी दटावतं, "बाई, बाहेर उभ्या राहा." कुणीतरी हुंदका दाबतं. मला तिथवर जाता येत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असं मी म्हणायला हवं. जमलं तर माझा हीटर बदला, नाहीतर मला भंगारात घाला. पण हे दार उघडाल तेव्हा आधी ती खुर्ची घेऊन जा. पलीकडे एक आई उभी आहे.