मिठाची वाट

शीलाच्या टेबलाला खालून उजेड होता. दुधी काच, काचेखाली दोन ट्यूबलाइट आणि काचेवर एकावर एक अंथरलेले तीन नकाशे. यवतमाळच्या त्या कचेरीत बाकी सगळ्यांच्या टेबलांवर उजेड वरून पडायचा. तिच्या एकटीच्या टेबलातून तो वर यायचा. दुपारी खिडकीचा पडदा ओढून घेतला की आपण विहिरीच्या काठाशी बसून आत पाहतो आहोत, असं तिला वाटे. आत गावं तरंगत असायची. फुलसावंगी तरंगायची, आर्णी तरंगायची, आणि त्यांच्यामधून रस्ते पाणवेलींसारखे हलत राहायचे.

जानेवारी दोन हजार सात. त्या दोन-तीन वर्षांत कापसानं जिल्ह्याचं नाव देशभर नेलं होतं, आणि ते चांगल्या कारणासाठी नव्हतं. मुंबईच्या, दिल्लीच्या गाड्या गावं शोधत यायच्या आणि हमखास वाट चुकायच्या. एक पथक केळापूरकडच्या गावासाठी निघालं ते दिवसभर फिरून आंध्रच्या हद्दीत पोचलं. त्यानंतर वरून हुकूम आला : जिल्ह्याच्या रस्त्यांचा एकच खरा नकाशा करा. आहेत तेवढे नकाशे एकावर एक ठेवा, चुका गाळा, आणि ज्या वस्तीला बारमाही रस्ता नाही तिचं नाव नव्या पक्क्या रस्त्यांच्या यादीत घाला.

शीलाला या कामावर अकरा महिन्यांसाठी घेतलं होतं. तिच्या हाताची रेघ चांगली होती. तिचे वडील देवराव भूमापन खात्यात साखळी ओढायचे. मोजणीची लोखंडी साखळी आयुष्यभर वाहून त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली आला होता. मुलीच्या हातात मात्र त्यांनी पेन्सिल दिली.

तीन नकाशांतला पहिला कापडावर चिकटवलेला, इंग्रजी अमलातल्या मोजणीचा. दुसरं नागपूरहून आलेलं उपग्रहाचं चित्र. तिसरी नुसती एक रेघ : मागच्या भाद्रपदात कचेरीची जीप गावोगाव फिरली होती, तिच्यात जागा टिपणारं हातात मावेल एवढं यंत्र होतं, आणि जीप जिथून गेली तिथून यंत्रानं ठिपके सोडले होते. शीला आधी शिवेचे दगड जुळवायची, मग पूल, मग देवळं. ती जुळली की रस्ते आपोआप एकमेकांवर येऊन बसायचे. नियम साधा होता. तीनपैकी दोन रेघा पन्नास मीटरच्या आत जुळल्या तर रस्ता खरा. नाही जुळल्या तर समोर ‘संदिग्ध’ लिहायचं, आणि संदिग्ध रस्ता या वर्षीच्या यादीत नाही. यादी शुक्रवारी जायची होती.

मंगळवारपर्यंत फुलसावंगीकडचं सगळं जुळलं. एक सोडून. डांबरी सडकेपासून बाबूसिंग नायकाच्या तांड्यापर्यंत जेमतेम अडीच किलोमीटरचं अंतर, आणि तेवढ्यात तीन नकाशांचे तीन रस्ते. कापडावरची वाट धनुष्यासारखी लांबून वळसा घेत होती. उपग्रहाची वाट दोरी ताणल्यासारखी सरळ. जीपची रेघ या दोन्हींपासून निराळी, धुऱ्याधुऱ्यानं म्हणजे शेतांच्या बांधाबांधानं नागमोडी, आणि अर्ध्या वाटेत तिची एक गाठ झालेली. गाठीत इतके ठिपके होते की संगणकानं तिथे वस्ती आहे असं धरलं होतं.

शीलानं जीपचा ड्रायव्हर श्रावण याला बोलावून गाठ दाखवली.

“वस्तीच होती ना बाई,” श्रावण म्हणाला. “म्या, साहेब अन् चिखल. अडीच घंटे राह्यलो तिथं.”

गाठ खोडली, पण तीन रेघा तीनच राहिल्या. आरेखकांतले सगळ्यांत जुने भगवानराव तिच्या काचेवर वाकले आणि चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, “कायले डोकं लावून राह्यली? तीन रेघा आहेत, मधातली काढ. तिन्हीपासून सारखी दूर. कोणाचंच मन मोडत नाही.”

“पण त्या मधल्या रेघेवर रस्ताच नाही, काका.”

“मग होईल ना. इंजिनिअर रेघ पाह्यते, जमीन नाही पाह्यत. संदिग्ध लिहिशील तर तांडा गेला पुढच्या वर्षावर. अन् पुढच्या वर्षी तू राह्यशील का इथं?”

तेही खरं होतं. शीलानं मऊ पेन्सिलीनं मधली रेघ काढली. जेवणाची सुट्टी झाली, पंखा मंद झाला, काचेतून ऊब येत होती. तिनं हातावर डोकं टेकलं आणि ती त्या रेघेवरून चालू लागली.

रेघ पायाखाली मऊ होती, शिसाच्या भुकटीसारखी. दोन्ही बाजूंना पऱ्हाटी उभी होती, बोंडं फुटलेली, आणि रेघ त्या उभ्या कापसातून एकही झाड न हलवता जात होती. पुढे एक विहीर आली. रेघ विहिरीवरून सरळ पलीकडे गेली, शीलाही गेली. खाली पाण्यात तिला आपले तळवे दिसले. पलीकडे नाला, नाल्यावर पूल नाही, तरी पाय ओले झाले नाहीत. समोर तांडा दिसत होता आणि जवळ येत नव्हता. त्या वाटेवर कुणीच भेटत नव्हतं. बैलाचं शेण नाही, चाकोरी नाही, तुटलेल्या चपलेचा पट्टा नाही. आपण इथून जाणारं पहिलंच माणूस आहोत, हे तिला कळलं आणि ती घाबरली.

“बाई, झोपल्या का?”

ती दचकून उठली. समोर लाल फेट्यातला म्हातारा उभा होता. हातात पिशवी, पिशवीत तुरीच्या शेंगा.

“बाबूसिंग नायक. आमच्या तांड्याचं नाव यादीत आहे का नाही, थे पाह्याले आलतो.”

शीलानं नियम सांगितला. तीन रेघा, पन्नास मीटर, शुक्रवार. बाबूसिंग ऐकत होता, पण त्याचं लक्ष काचेतल्या उजेडाकडे होतं. त्यानं पिशवी खाली ठेवली, बोट धोतराला पुसलं आणि काचेवर टेकवलं.

“हा नाला. ही आमची इहीर.” मग हसला. “तुमचे नकाशे भांडून नाही राह्यले, बाई. तिन्ही वाटा आमच्याच आहेत.”

“तिन्ही?”

“ही सरळ. माघात पऱ्हाटी उपटली की वावरं मोकळी. मग कोण वळसा मारते? गाडी सरळ काळ्या मातीतून. थे वरून फोटो काढला तुमच्या लोकांनी, थो कधी काढला?”

शीलानं चित्राच्या कोपऱ्यातली तारीख पाहिली. मार्च.

“बरोबर. अन् ही वाकडीतिकडी पावसातली. वावरात पीक उभं, मग धुऱ्याधुऱ्यानं जायाचं, चिखल चुकवत. चुकला तर चुकला.”

 इतके महिने शीला चुका शोधत होती. दोन नकाशे जुळले नाहीत की एक खोटा, असं तिनं शेकडो वेळा धरलं होतं. रस्ताच वर्षातून दोनदा जागा बदलत असेल, हे तिच्या मनात आलंच नव्हतं. आणि त्याच चुकीनं किती वस्त्यांसमोर ‘संदिग्ध’ पडलं असेल, हे तिला त्या क्षणी मोजवेना.

“मग ही तिसरी? कापडावरची?”

“थे मिठाची वाट.” बाबूसिंगचं बोट धनुष्यावरून हळूहळू फिरलं. “आमचे जुने लोक बैलाच्या पाठीवर मीठ लादून आणत. शेकड्यानं बैल. मीठ भिजलं तर बैलाच्या पाठीवर राह्यते काय? गोणी रिकामी. म्हणून थे बरडा-बरडानं जात. मुरमाड जमीन, लांब पडते, पण पाय नाही रुतत. कितीबी पाऊस येवो.”

“आता कोण जातं तिथून?”

“ढोरं जातात चरायले. माणसाले घाई झाली ना.” त्यानं बोट उचललं. “मागच्या श्रावणात माह्या बायकोले ताप भरलता. बाजेवर टाकून नेली धुऱ्यानं. उचलणाऱ्याचा पाय घसरला, बाज पालथी. ताप चार दिवसांत उतरला, मांडीचं हाड काही नीट नाही बसलं. कोणती रेघ घ्या, मले कागदाचं कळत नाही. पण श्रावणात चालली पाह्यजे.”

तो शेंगा टेबलावर ठेवून गेला. त्या शेंगांच्या सावल्या काचेवर पडल्या नाहीत. वर छताला पडल्या.

संध्याकाळी आर्णीला घरी पोचल्यावर शीलानं वडिलांना सगळं सांगितलं. देवराव अंगणात शेंगा सोलत होते.

“जुनी रेघ खरी आहे, बाबा. पण ती एकटी आहे. दोन जुळल्याशिवाय घेता येत नाही.”

“साखळी कितीजण धरतात?”

“दोघं.”

“मग दुसरं टोक तू धर. यंत्र आहे ना कचेरीत? त्या वाटेनं आणखी एक खेप चालव. जुळली तर दोन झाल्या.” त्यांनी एक दाणा तोंडात टाकला. “अन् म्या येतो. तुले शिवेचा दगड वळखू येत नाही.”

“एवढं चालवेल का तुम्हाला?”

“चाळीस वर्षं काय बसून होतो?”

बुधवारी तिनं यंत्र मागून घेतलं आणि तांड्यावर निरोप धाडला. भगवानरावांनी वहीत नोंद करताना नुसतं एवढंच म्हटलं, “मधातली रेघ सोपी होती, पोरी.” गुरुवारी सकाळच्या एसटीनं बाप-लेक फुलसावंगीला उतरले. सडकेवर बाबूसिंग आणि त्याचा मुलगा बादल बैलगाडी घेऊन उभे होते आणि गाडीत गोधडीवर एक म्हातारी पाय लांब करून बसली होती.

“जय भीम, नायक,” देवराव म्हणाले.

“जय सेवालाल, भाऊ. ही माही बायको, नंदाबाई. म्हणते, म्या येतो.”

“ज्या वाटेनं पडली थे मले ठाऊक आहे,” नंदाबाई म्हणाली. “आता न पडायची कोणती थे पाह्यतो. यंत्र द्या इकडं. तुम्ही चालणारे हलवून टाकान.”

यंत्र तिच्या ओच्यात ठेवलं. बादलनं विचारलं, कोणीकडून हाकू. बाबूसिंगनं कासरा त्याच्या हातातून घेतला आणि ढिला सोडला. “तू नको हाकू. हे रोज चरायले कुठून जातात?”

बैल जरा थांबले, मग डावीकडे वळले.

वाट अशी काही नव्हतीच. गुडघाभर वाळलं गवत, तरवडाची झुडपं, मध्ये पळस. पण गवताखाली जमीन दबलेली होती, आणि गाडीची चाकं ज्या जागी बसली तिथून ती इकडेतिकडे हलली नाहीत. खाली काळ्या रानात वेचणी चालू होती. बायकांचे आवाज वर येईपर्यंत विरळ होत. धुकं अजून पुरतं उठलं नव्हतं. कापूस आणि धुकं यांतला फरक कळेना. देवराव पुढे चालले होते, उजवा खांदा खाली, जणू साखळी अजून हातात आहे. मध्येच ते थांबले, पायानं गवत सारलं. शिवेचा दगड. शेंदूर गेलेला, पण उभा. थोड्या वेळानं आणखी एक.

शीलाला वाटलं, आपण जमिनीवर नाही, काचेवर चालतो आहोत. खालून उजेड येतो आहे. आपल्या पायाखाली कुणाची तरी रेघ आहे, तिच्याखाली आणखी कुणाची. मिठाच्या गोण्या डुलताहेत, बैलांच्या गळ्यातल्या घंटा, आणि कुणालाही घाई नाही. पण आज तिला भीती वाटत नव्हती. या वाटेवर शेण होतं.

“पोरगं निजल्यासारखं आहे हे,” नंदाबाई ओच्याकडे पाहून म्हणाली. “घडीघडी टीक टीक करते. हे काय म्हणून राह्यलं?”

“तुम्ही कुठे आहात ते सांगतं आहे, आजी.”

“सांगू दे. कोणाले तरी माहीत पडलं.”

एके ठिकाणी बैल वळसा घालून गेले. मोहाचं झाड होतं, दोघांच्या कवेत न मावणारं. कापडाच्या नकाशावर तिथे वाट सरळ होती. बाबूसिंग म्हणाला, “नकाशा काढला तवा हे उगवलं नसन.”

शुक्रवारी सकाळी दहा वाजता शीलानं नवी रेघ काचेवर अंथरली. दगड जुळवले, पूल जुळवला. मग हात काढून घेतला आणि पाहत राहिली. नंदाबाईच्या ओच्यातली रेघ त्या जुन्या धनुष्यावर अलगद उतरली आणि दोन्हींची एक झाली. जिथे फरक होता तिथे बारा मीटरचा, कुठे वीस. मोहाच्या झाडापाशी एकतीस.

भगवानराव येऊन उभे राहिले. त्यांनी फूटपट्टी लावून स्वतः मोजलं, दोनदा.

“जुळली,” ते म्हणाले. “लिही. बाकीच्या दोन?”

“त्याही ठेवते. खाली महिने लिहिते. आणि काका, ज्या-ज्या वस्त्या आपण संदिग्ध केल्या त्यांच्या नकाशांच्या तारखा मला परत काढून द्या.”

“यादी आज जायची आहे.”

“पाच वाजता जायची आहे.”

भगवानरावांनी घड्याळ पाहिलं, खुर्ची ओढली आणि कपाटातून पहिलं बाड उतरवलं.

शीलानं शाईचं पेन उचललं. बाबूसिंगच्या तांड्याची वाट ती सडकेपासून काढत आली, बरडावरून, दगडावरून दगडावर, हात न थांबवता. जुन्या नकाशाप्रमाणे ती सरळ न्यायची होती. मोहाच्या झाडापाशी आल्यावर तिनं पेन जरासं डावीकडे कलवलं आणि रेघेला झाडाभोवतून जाऊ दिलं.