विल्फच्या काचा

विल्फ हिंडमार्शला अकरा वर्षांत मी एकच गोष्ट दोनशे वेळा तरी सांगितली असेल: काचा पूस. फेब्रुवारी लागला की सगळे जण आपापल्या काचघराच्या काचा धुतात, हिवाळाभर साचलेलं शेवाळ खरवडून काढतात. या दिवसांत उजेड आधीच चिमूटभर. त्यातला अर्धा शेवाळानं खाल्ला तर रोपांनी काय करायचं? विल्फ म्हणायचा, "माझे टोमॅटो लाजाळू आहेत, त्यांना पडदा लागतो." आणि उलट्या पेटीवर बसून माझ्याच थर्मासमधला चहा प्यायचा.

नगरपालिकेनं भाजीपाला लावायला भाड्यानं दिलेले हे जमिनीचे तुकडे गावाच्या वरच्या अंगाला, रुळांना लागून आहेत. माझा एकोणीस नंबर, त्याचा वीस, मधे दीड फुटाची पायवाट. माझा नवरा गेल्यावर मी हा तुकडा घेतला. विल्फची बायको त्याच्या कितीतरी आधी गेलेली. तो खाणीत होता, खाण बंद पडल्यावर बस चालवायला लागला. मी तीस वर्षं शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवल्या. त्यामुळे माझी कांद्याची ओळ टीप मारल्यासारखी सरळ असते, आधी दोरी ताणते आणि मगच मातीला हात लावते. त्याची ओळ बस वळवल्यासारखी. त्याच्या तुकड्यात एक जुना आंघोळीचा टब, तीन मोडकी दारं, गालिच्याच्या चिंध्या, आणि नावाच्या पट्ट्यांऐवजी आइसक्रीमच्या काड्या. त्यांच्यावर काय लिहिलंय ते त्याला स्वतःलाही वाचता यायचं नाही. मी कुरकुर केली की तो म्हणायचा, "आल्या इन्स्पेक्टरबाई."

एकमेकांच्या घरी आम्ही कधीच गेलो नाही. तशी इथे पद्धतच नाही. फाटकाच्या आत शेजारी, बाहेर दुकानात दिसलो तर नुसती मान हलवायची. त्याचा फोन नंबर माझ्याकडे नव्हता, माझा त्याच्याकडे नव्हता. बोलणं गोगलगाईंवर, दंवावर, यंदा लीकच्या कांदपातीचे दांडे किती जाड झाले यावर. तेव्हा वाटायचं, याला काय बोलणं म्हणतात? आता वाटतं, मग दुसरं कशाला म्हणतात?

नोव्हेंबरात त्याच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं. लेक जेनिस त्याला डार्लिंग्टनला आपल्या घरी घेऊन जाणार होती. जाण्याच्या आदल्या दिवशी तो काठी टेकत पायवाटेपर्यंत आला.

"गुड फ्रायडेला येतो," तो म्हणाला. "बटाटे लावायला. तोवर माझ्या तुकड्याकडे वाकडी नजर टाकू नकोस."

"सरळ नजरेनं बघावं असं तिथे आहे काय?" मी म्हणाले.

तो हसला आणि गेला. मला आणखी काहीतरी बोलायचं होतं. काय ते तेव्हा सुचलं नाही. माझं तोंड टोचून बोलायला तेवढं तयार असतं.

त्या हिवाळ्यात मी थर्मास भरताना रोज दोन कपांचं पाणी ठेवायची. सवयीनं. मग काचघरात बसून दोन्ही कप एकटीच संपवायची, आणि घरी येईपर्यंत हाल. मला त्याची आठवण येत होती, साधी नाही, पोटात ओढ लागल्यासारखी. बहात्तराव्या वर्षी हे शोभतं का, असं स्वतःला विचारून पाहिलं. शोभत नव्हतंच. पण म्हणून ओढ कमी झाली नाही.

फेब्रुवारीत आमच्या भाडेकरू मंडळाचा सेक्रेटरी कॉलिन रेन यानं सगळ्यांच्या सामायिक पत्र्याच्या शेडवर कागद चिकटवला: मार्चअखेरपर्यंत ज्या तुकड्यात काम दिसणार नाही, तो काढून प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या माणसाला दिला जाईल. दरवर्षी हाच कागद असतो. या वर्षी मी तो तीनदा वाचला. वीस नंबरात तण गुडघ्याला लागत होतं, टबात बर्फ साठला होता. आजारी माणसाला सवलत मिळते, पण ती त्यानंच लिहून मागायची असते. विल्फनं आयुष्यात लॉटरीच्या तिकिटापलीकडे काही भरलेलं मी पाहिलं नव्हतं. त्याच्यासाठी कॉलिनकडे शब्द टाकावा, तर सतरा नंबरची बेरिल आधीच "तुझा विल्फ, तुझा विल्फ" करून दात काढत होती.

मग मीच ठरवलं. सकाळी साडेसहाला, कोणी यायच्या आत, थोडं थोडं काम करायचं. कॉलिनला वाटेल विल्फ परत आला. कोणाला काही सांगायला नको आणि कोणाचं ऐकायलाही नको.

मी नुसतं तण काढणार होते, देवाशपथ. तण काढलं तर जमीन उघडी पडली, म्हणून शेणखत पसरलं. खत पसरलं तर टब मधे यायला लागला, म्हणून तो सरकवून कुंपणाला समांतर केला. दारं उंचीप्रमाणे लावली, चिंध्या घडी करून ठेवल्या. ब्लॅककरंटची, त्या काळ्या आंबट फळांची, झुडपं छाटली. त्याच्या रुबार्बच्या, त्या आंबट देठांच्या भाजीच्या, गड्ड्यावर बादली पालथी घातली, म्हणजे अंधारात देठ लवकर वर येतात, कोवळे आणि गुलाबी. कांदे लावायची वेळ आली तेव्हा मी स्वतःला बजावलं, ऑड्रे, इथे वाकडं लाव. दोन कांदे वाकडे लावलेसुद्धा. रात्रभर ते डोळ्यांत खुपत राहिले. सकाळी जाऊन उपटले आणि दोरी ताणली. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ते काही उगाच नाही.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मी काचांना हात घातला. कोमट पाणी, व्हिनेगर, कोपऱ्यांना जुना दात घासायचा ब्रश. तीन सकाळी लागल्या. शेवाळाखालून एकेक काच निघत गेली आणि पलीकडे माझा स्वतःचा तुकडा दिसायला लागला. माझी पाण्याची झारी, माझी खुर्ची. म्हणजे तो अकरा वर्षं इथे बसून बाहेर बघायचा तेव्हा त्याला मी नुसती एक हिरवी सावली दिसत असणार. आता आला की नीट दिसेन, असं वाटून मला लाज वाटली, आणि बरंही वाटलं. त्याच्या डब्यातलं टोमॅटोचं बी पेरलं, पट्ट्यांवर ठळक अक्षरात नावं लिहिली. फळीवर त्याचा पत्र्याचा मग होता, तळाशी नोव्हेंबरातला चहा सुकलेला. तो मात्र मी धुतला नाही.

गुड फ्रायडे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आला. मी आठ वाजताच पोचले. अंगात निळा स्वेटर, पिशवीत दोन थर्मास आणि त्या दिवशी करतात ते मनुकांचे गोड पाव. माझ्या मागच्या खोलीत कोंब आणलेले बटाटे घेतले होते, त्याचे वेगळे, माझे वेगळे. इथे बटाटे याच दिवशी लावायची रीत, त्यामुळे सगळं रान चर खणत होतं. बेरिल ओरडून म्हणाली, "अगं लाव की, बटाट्यांना मुहूर्त लागतो का?" मी म्हणाले, "माती अजून गार आहे." माती छान होती.

दहा वाजले, अकरा वाजले. शेडमागच्या टाकीवरून मी दोनदा झारी भरून आणली, नुसतं बसवत नव्हतं म्हणून. दुपार झाली. पाव पिशवीतच राहिले. लोक हात धुऊन घरी जायला लागले. मी फाटकाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि फाटकाकडेच बघत होते.

अडीचला कॉलिन पायवाटेनं आला. बगलेत फाइल, हातात एक किल्ली.

"ऑड्रेबाई, ही विल्फची," तो म्हणाला. "फाटकाची किल्ली. म्हटलं तुमच्याकडेच द्यावी."

"विल्फची तुझ्याकडे कशी?"

"सकाळी येऊन गेला ना. अकराच्या सुमाराला. तुम्हाला भेटला नाही?"

तेव्हा मी टाकीवर होते. शेडच्या मागे. कॉलिन पुढे सांगायला लागला.

"लेकीबरोबर आला होता, गाडीतून. फाटकाशी पाच मिनिटं थांबले. तिथून वीस नंबर सगळा दिसतो. मी म्हटलं, उतर, आत ये. तर म्हणाला, नको, नव्या माणसाच्या कामात कशाला लुडबुड."

"नवा माणूस कोण?"

"मला वाटलं तुम्ही. वाटलं, तुमचं दोघांचं ठरलंय, तुकडा तुमच्या नावावर करायचा. दीड महिना राबताय तुम्ही इथे, अख्ख्या रानाला ठाऊक आहे. विल्फनं जन्मात कधी दोरी लावली होती का? आम्ही सगळे अळीमिळी गुपचिळी करून होतो. म्हटलं, बाईंना आवडायचं नाही." त्यानं फाइल या बगलेतून त्या बगलेत घेतली. "मी त्याला म्हटलं, काम झकास झालंय. तो म्हणाला, दिसतंय. मग तुकडा सोडल्याच्या कागदावर सही केली. आणि निघताना म्हणाला, ऑड्रेला सांग, शेवटी तिला काचा पुसणारा शेजारी मिळाला."

मी त्याच्या पेटीवर बसले.

"तेव्हा मला जरा चमत्कारिक वाटलं," कॉलिन म्हणाला. "पण तोवर गाडी वळली होती."

"मी सांगितलं होतं का कोणाला सह्या घ्यायला?"

"मी मागितली नाही, बाई. त्यानंच कागद मागितला. मांडीवर अंड्यांचा पुठ्ठ्याचा डबा होता, त्याचं झाकण लावून त्यावरच सही केली. बटाटे होते आत, हे एवढाले कोंब. मी म्हटलं, देऊन टाकतोस का ते नव्या माणसाला? नाही म्हणाला. परत मांडीवर घेतला."

म्हणजे तो सोडायला आला नव्हता. लावायला आला होता. करायला गेले एक आणि झालं भलतंच. त्याचा तुकडा वाचावा म्हणून मी तो इतका साफ केला, की त्याला तो ओळखता आला नाही. चार तण तसेच ठेवले असते, काचा हिरव्या ठेवल्या असत्या, तर तो काठी टेकत आत आला असता आणि म्हणाला असता, चहा आहे का? मी रडले, कॉलिनसमोर. त्यानं शहाण्यासारखं रुळांकडे बघितलं.

"कागद माझ्या खिशात आहे," थोड्या वेळानं तो म्हणाला. "नगरपालिकेचं ऑफिस ईस्टरनंतर मंगळवारी उघडतं. तोवर तो खिशातच. आणि खिशाचं काय, भोकंही पडतात." मग फाइल उघडून त्यानं एका पाकिटाच्या पाठीवर जेनिसचा पत्ता लिहून दिला.

शनिवारी सकाळी मी विल्फच्या रुबार्बवरची बादली काढली. देठ हातभर झाले होते, फिकट गुलाबी. आठ काढले आणि वर्तमानपत्रात गुंडाळले. दोन बस बदलून डार्लिंग्टनला पोचेपर्यंत मनात सोळा वाक्यं जुळवली आणि सोळाही मोडली.

घर शोधायला वेळ लागला नाही. खालच्या मजल्यावरच्या खिडकीत, आतल्या बाजूला, अंड्यांचा डबा उघडा ठेवलेला होता. प्रत्येक खळग्यात एक बटाटा, कोंब वर. मधे एक आइसक्रीमची काडी खोचलेली. मागे खुर्चीत विल्फ, समोर चालताना धरायचा वॉकर. त्यानं मला पाहिलं. दाराशी जायला त्याला वेळ लागला असता, म्हणून त्यानं खिडकीच वर सरकवली.

"तू इथे?" तो म्हणाला. बारीक झाला होता.

मी वर्तमानपत्र पुढे केलं. त्यानं एक देठ मोडून वास घेतला.

"ही माझी रुबार्ब आहे."

"तुझीच."

"नव्या माणसाची काही हरकत नाही?"

"नवा माणूस कोणी नाही, विल्फ. काचा मी पुसल्या."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग बटाट्यांकडे. आतून रेडिओचा आवाज येत होता.

"सगळ्या?"

"सगळ्या. टबसुद्धा मीच हलवला. तुकडा जाईल म्हणून भीती वाटली."

"कॉलिनला सांगायचं होतंस मी आजारी आहे म्हणून."

"मग तो विचारणार, तुला काय त्याचं? मला उत्तर द्यायचं नव्हतं."

"आता दे," तो म्हणाला.

सोळा वाक्यांतलं एकही आठवेना. "तू यायला हवा होतास," मी म्हणाले. "मला करमत नाही. चहा उरतो."

विल्फनं मान खाली घातली. काडीशी चाळा केला. मग त्यानं डब्याचं झाकण लावलं आणि डबा खिडकीतून माझ्यापुढे धरला.

"घेऊन जा," तो म्हणाला. "एक दिवस उशिरानं काही बिघडत नाही. मला वाकता येत नाही, ऑड्रे. तूच लाव."

मी दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"मी नाही घेणार. मला सरळच लावता येतात."

डबा तसाच अधांतरी राहिला, माझ्या आणि त्याच्या मधे. एवढंच अंतर आमच्यात नेहमी असायचं, पायवाटेइतकं. मी थांबले. घाई नव्हती, परतीची बस बाराला होती. मग त्यानं डबा परत मांडीवर घेतला आणि घरात तोंड वळवलं.

"जेनिस," त्यानं हाक मारली, "माझे मातीतले बूट कुठे टाकलेस गं?"