व्हार्निशचा वास

“आखो किती येळ, पितांबर? मन्ही केळी करपी ऱ्हायनी!” रतिलाल पाटील सकाळपासून पाचव्यांदा विचारत होता.

पितांबर उठला, पिंपाचं झाकण किलकिलं केलं, बसला, पुन्हा उठला. पिंपाखाली कोळसे होते आणि आत रतिलालच्या विहिरीवरच्या मोटारीचं तांब्याच्या तारेचं नवं वाइंडिंग, व्हार्निशमध्ये बुडवून भाजायला टांगलेलं. लोणखेड्याच्या रस्त्यावरच्या या पत्र्याच्या खोलीत वीज आली तेव्हापासून तो हेच करत होता. थर पातळ हवा आणि आतपर्यंत भाजलेला हवा. आच जास्त झाली की वरची साय कडक होते, आत ओलं राहतं, आणि मग वीज मोटारीच्या अंगावर उतरते; हात लावेल त्याला झटका. नखाने फक्त साय कळते. आतलं कळतं ते वासावरून. कच्चा आंबूस, पक्का भाजल्या शेंगांसारखा.

आणि पितांबरचं नाक दोन वर्षांपूर्वीच गेलं होतं. व्हार्निशनेच खाल्लं. हे फक्त त्याच्या बायकोला, तापीबाईला ठाऊक होतं. ती दारात भाजी निवडत बसायची आणि वास पक्का झाला की सहज म्हणायची, “आते उतारा.” गिऱ्हाइकांना वाटायचं, बाईला जेवणाची घाई. परवा ती बहिणीच्या बाळंतपणाला धानोऱ्याला गेली आणि काल हा रतिलाल मोटार घेऊन टपकला. नाही म्हणायचं तरी कसं? केळी खरंच वाळत होती.

दुपार कलली. पितांबरने कोळसे ओढले, परत सारले. शेवटी त्याने झाकण काढलं आणि खाली बघत म्हणाला, “रतिलालभाई, जरा वास ल्या. कसा येस?”

“मी? तुले नही येस का?”

“नही. दोन वरीस व्हयनात.”

रतिलाल वाकल्यासारखं करून म्हणाला, “पक्का शे. काढ.”

घाई त्याची आणि नाकही त्याचंच. पितांबरचा विश्वास बसेना.

“तुम्हना वावरमां मोटारले पहिला हात कोन लावस?”

“भिला. मन्हा धाकला भाऊ.”

“मंग भिलानं नाव लेईसन सांगा.”

या वेळी रतिलालने तोंड पार पिंपात घातलं. दोनदा खोल हुंगलं.

“आंबूस शे,” तो म्हणाला आणि खाली बसला.

दीड तासाने तोच उठला, हुंगलं आणि “शेंगा!” म्हणून ओरडला. मोटार नेताना हळूच म्हणाला, “मी कोनलेच सांगाव नही.”

चार दिवसही त्याच्या पोटात राहिलं नाही. नाक गेलेलं असतानाही पितांबरने भिलाचा जीव कसा जपला, हे त्याने कौतुकानेच गावभर केलं.

पुढच्या आठवड्यात इंदरचंद शेठ गिरणीची मोटार न्यायला आले. तापीबाई परत दारात बसली होती. “पक्की भाजायनी,” ती म्हणालीही. शेठ नुसते हसले आणि हुंगायला वाइंडिंगकडे वाकले. तापीबाई भाजीची टोपली घेऊन आत निघून गेली.

आता प्रत्येक गिऱ्हाईक स्वतःच हुंगणार, हे पितांबरला कळलं. तो पुढे झाला. ते वाइंडिंग त्याने दोन्ही हातांनी उचललं आणि शेठचं हुंगून होईपर्यंत त्यांच्या नाकासमोर धरून ठेवलं.