शीर सापडेपर्यंत

"आई, डोळे मिटू नकोस ना गं! परत एकदा."

आईने डोळे उघडले. तिच्यासमोर मामाचा हात होता, दंडाला रबरी पट्टा आवळलेला, आणि कोपराच्या खळगीवर तिचे बोट. "अगं, मी मिटत नाही. मिटतात ते."

"मग मिटू देऊ नकोस. कॅमेऱ्यात झोप लागल्यासारखं दिसतं. हाताकडे बघ. शीर शोधतेयस असं बघ."

"असं म्हणजे कसं? शोधतेच आहे की मी."

"दिग्दर्शकबाई," मामा म्हणाला, "ही मूठ इतक्या वेळा आवळलीय की आता कुणाला तरी बसणार. मी साखर तपासायला आलोय का सिनेमात काम करायला?"

चिमीला कॉलेजच्या फिल्मच्या वर्गात सरांनी सराव दिला होता: एक माणूस, एक काम, तीन मिनिटे, संवाद नाहीत. आईची निवड तिने फार विचार करून केली नव्हती. आई घरचीच होती, आणि या प्रयोगशाळेत ती रक्त काढायला लागली तेव्हा चिमी शाळेतही जात नव्हती. दुपारी खोली रिकामी असायची. धुरकट काचेच्या खिडकीतून येणारा उजेड मऊ होता, आणि सुईचे टोक जवळून झकास दिसेल अशी तिची खात्री होती.

आईने या वेळी सांगितल्याप्रमाणे केले. डोळे मोठे करून मामाच्या हाताकडे पाहिले आणि सुई घातली. सिरिंजमध्ये काहीच आले नाही. तिने सुई किंचित वळवली. मामाचा विनोद अर्ध्यावर राहिला. तिने सुई काढून घेतली आणि कापूस दाबला.

"कट!" चिमी कॅमेऱ्यामागून म्हणाली. "सुंदर!"

"आता ते बंद कर," आई म्हणाली आणि मामाच्या दुसऱ्या हाताकडे वळली. तिथे रक्त लगेच मिळाले.

मामाच्या हातावर जांभळा डाग उठला. आठवडाभर त्याने तो भेटेल त्याला दाखवला. "भाचीच्या कलेसाठी रक्त द्यायला गेलो होतो. आलंच नाही!"

वर्गात सगळ्यांना उजेड आवडला. सरांनी शेवटपर्यंत पाहिले आणि विचारले, "हात कुणाचा?"

"माझ्या आईचा."

"हे तू सांगितल्यावर कळलं. तुझ्या फिल्ममध्ये कुणाचाही हात चालला असता." त्यांच्या आवाजात राग नव्हता. बाहेर ढग आलेत, असे सांगावे तसे ते बोलले. "शेवटचा प्रकल्प तिच्यावरच कर. दहा मिनिटं आहेत या वेळी."

त्या संध्याकाळी आई पलंगावर बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. चिमीने प्रकल्पाचे सांगितले.

"मला नको," आई म्हणाली. "मामाला घे. त्याला हौस आहे."

"रागावलीस?"

"रागवायचं काय त्यात? त्या दिवशी सुई चुकली, झालं."

"एकदाच तर चुकली."

"त्यानंतरही चुकलीय." आईने उशीच्या अभ्र्याची कडा कडेला जुळवली, मग घडी मोडून पुन्हा जुळवली. "आधी बोट ठेवलं की पुढचं आपोआप व्हायचं. आता बोट ठेवलं की मनात येतं, मी डोळे मिटले का? झोपल्यासारखी दिसतेय का? जिना उतरताना पाय कसा पडतो ते बघायला लागलं की धडपडायला होतं ना, तसं झालंय बघ."

"मग?"

"मग काय. काल एका आजोबांची शीर सापडेना. कामावरच्या त्या नव्या मुलीला हाक मारली. आजवर कुणाला मिळाली नाही की मला हाक यायची. काल मी मारली."

ती हे तक्रार म्हणून सांगत नव्हती. कॅमेरा काही करत नाही, नुसता बघतो, असे चिमी धरून चालली होती. खरे तर पाण्याचे तापमान बघायला बुडवलेली तापमापीसुद्धा पाण्यातली थोडी उष्णता घेते, हे ती शाळेतच शिकली होती. परीक्षेत त्याचे उत्तरही बरोबर लिहिले होते.

दुसऱ्या दिवसापासून ती सकाळी कॅमेरा न घेता प्रयोगशाळेत जाऊन बाहेरच्या बाकावर बसू लागली. सुरुवातीला आईने विचारले, "तुला कॉलेज नाही का?" नंतर विचारणे सोडले.

दार अर्धे उघडे असायचे. आई आत येणाऱ्या प्रत्येकाला आधी नाव विचारायची आणि मग, "घरी जाऊन काय खाणार आता?" उपाशीपोटी आलेली माणसे या प्रश्नाने खुलायची. कुणी ऑम्लेटचा बेत सांगे, कुणी सुनेच्या हातच्या चहाची निंदा करे, आणि बोलता बोलता आवळलेले खांदे सैल पडत. हे सगळे इतकी वर्षे चालू होते, आणि चिमीने संवाद नसलेली फिल्म केली होती.

पण पट्टा बांधून झाला की आईचा आवाज थांबायचा. ती हाताकडे टक लावून बघायची, बोट सरकवायची, परत आणायची. बहुतेक वेळा जमायचे. एकदा तापाने फणफणलेले बाळ घेऊन एक बाई आली, तेव्हा आई स्वतःहून बाजूला झाली. नवी मुलगी बाळाचा हात धरत होती आणि आई स्वच्छ असलेले टेबल पुसत होती.

त्या दिवशी गर्दी ओसरल्यावर चिमी उठून आत गेली आणि खुर्चीवर बसली.

"माझं काढ."

"तुझं? लस टोचायला आले तर शाळेच्या बाथरूममध्ये लपून बसली होतीस तू. बाईंनी मला कामावरून बोलावून घेतलं होतं."

"तेव्हाचं तेव्हा. चेहरा पांढरा पडलाय म्हणतेस ना सारखी? बघ मग हिमोग्लोबिन."

आईने तिच्याकडे नीट पाहिले. "आणि हे फिल्मसाठी नाही?"

"तू हो म्हणालीस तर उद्या कॅमेरा आणते आणि त्या कपाटावर ठेवते. मागे कुणी नसेल. नाही म्हणालीस तर आत्ताच काढ, कॅमेऱ्याशिवाय."

"मागे कुणी नसेल तर चालवणार कोण?"

"कुणीच नाही. चालू करायचा आणि सोडून द्यायचा."

"आणि चित्र वाकडं आलं तर?"

"येऊ दे."

आईने पट्टा हातात घेतला, ताणला, परत ठेवला. "आण उद्या. पण कुठे बघायचं ते मला सांगायचं नाही."

"मी कसली सांगतेय! मी भिंतीकडे तोंड करून बसणार आहे."

आणि खरोखरच दुसऱ्या दिवशी ती भिंतीकडे तोंड करून बसली. समोर विजेची तीन बटणे होती, त्यांतल्या एकाची कड तुटलेली. दंडाला पट्टा आवळला. मग कोपराच्या खळगीवर बोट आले. हे बोट तिने कपाळावर, पाठीवर, गालावर अनेकदा अनुभवले होते, पण काम करत असताना कधीच नाही. ते दाबत होते, उचलत होते, थोडे सरकून पुन्हा दाबत होते, आणि मध्येच अगदी स्तब्ध राहत होते.

वळून आईचा चेहरा बघावा असे तिला फार वाटले. तिने मान वळवली नाही.

"घरी जाऊन काय खाणार?" आईने विचारले.

"मला काय विचारतेस? तूच करणार ना?"

"मी कशाला? मला यायला दुपार होईल. चांगली घोडी झालीयस, तुझं तू कर."

"घोडीला सुई टोचायची आणि वर खरारा पण तिनेच करायचा!"

आई हसली. "झालं. दाब कापूस."

"कधी झालं?"

"तू तोंड चालवत होतीस तेव्हा. कोपर दुमड आणि बाहेर बस. चक्कर आली तर सांग."

बाहेरच्या बाकावर एक गणवेशातला ड्रायव्हर आणि एक कॉलेजचा मुलगा होता. दोघेही कोपर दुमडून, काहीतरी जपल्यासारखे बसले होते. चिमी त्यांच्यामध्ये तशीच बसली. ड्रायव्हर म्हणाला, "मला तर घाम फुटला होता," आणि मुलगा म्हणाला, "मला अजून फुटतोय."

एवढ्यात आई बाहेर आली. तिने कॅमेरा दोन्ही हातांनी, काठोकाठ भरलेले भांडे आणावे तसा सांभाळून आणला होता. तिने तो चिमीच्या मांडीवर ठेवला. "लाल दिवा चालूच आहे. बंद कसा करायचा मला ठाऊक नाही. आत आता एक आजी आल्यात, त्यांना आपण विचारलेलं नाही."

चिमीने मोकळ्या हाताने तो बंद केला.

दारातून नव्या मुलीने डोके बाहेर काढले. "ताई, आजींच्या दोन्ही हातांना शीर मिळेना. बघता का जरा?"

आई तिथेच उभी राहिली. मग "आले," म्हणाली, आणि आत जाऊन तिने दार लोटून घेतले.

बाकावरचे तिघेही दाराकडे बघत राहिले. आतून आईचा आवाज येत होता, मधूनच आजींचा. शब्द कळत नव्हते. ड्रायव्हरने कापूस उचलून पाहिला, पुन्हा दाबला. मुलगा उठून पाणी पिऊन आला.

दार उघडले. आजी पुढे आल्या, सावकाश, कोपर दुमडून. बसायला जागा नव्हती. चिमीने कॅमेरा उचलून पोटाशी धरला, ड्रायव्हरकडे सरकली, आणि आजी तिच्या शेजारी टेकल्या.