बगदादचे नव्वद टक्के

नवेगाव बांधच्या बसस्टँडवर मुन्नालालचा पानठेला आहे. २०१४ च्या जूनमध्ये त्या ठेल्यावर पाच-सहा रिकामटेकडी माणसं रोज सकाळी बगदाद पाडत आणि संध्याकाळी वाचवत होती. तिकडे इराकात बंडखोर एकामागून एक शहर घेत राजधानीच्या अंगावर येत होते. इकडे ज्यांनी नागपूरच्या पलीकडचं स्टेशन पाहिलं नव्हतं, ते ठेल्याच्या फळीवर चुन्याच्या बोटानं नकाशे काढत होते.

पैजही लागली होती. महिनाअखेर बगदाद पडलं तर केशोराव गुरुजींनी मासोळीची पार्टी द्यायची, नाही पडलं तर मुन्नालालनं. गुरुजी रिटायर्ड हेडमास्तर. "नव्वद टक्के नाई पडत," असं ते चष्मा पुसत सांगत. टक्के लावले की मूर्खपणालाही पगडी बसते.

राजकुमारीचा नवरा खुमेंद्र बगदादेत होता. वीजघराच्या कामावर वेल्डर. म्हणून ती धानाच्या रोपांकडे, पऱ्ह्याकडे, जाताना दिसली की ठेल्यावरून हाक यायची, "काय बहू, खुमेंद्रले तोफेचा आवाज येते का? कोनत्या बाजूनं येते?" तो जेवतो का, झोपतो का, हे एकाही भाड्यानं कधी विचारलं नाही.

गुरुवारी सकाळी खुमेंद्रचा फोन आला. कंपनीनं विमान ठरवलं होतं. जायचं असेल त्यानं संध्याकाळपर्यंत नाव लिहायचं. गेला त्याची नोकरी गेली, राहिला तो आपल्या जबाबदारीवर राहिला. खुमेंद्र असा माणूस की सदरा घ्यायचा तरी चौघांना विचारणार.

"गुरुजीले इचार ना," तो म्हणाला. "मले शिकवलं त्याईनं. रोज पेपर वाचतेत."

"तोफा तुमच्या उशाशी, अन इचारू मी पेपराले?"

"इचार तं खरी. दुपारी फोन करतो."

हाताला लागलेला पऱ्ह्याचा चिखल तसाच ठेवून ती ठेल्यावर गेली. सगळं सांगितलं. म्हणाली, "गुरुजी, त्याईले ये म्हनू का नको म्हनू?"

"बिलकुल नको," गुरुजी म्हणाले. "नव्वद टक्के नाई पडत. राजधानी हाय ते, देवरीचं नाकं नोहे. अमेरिका बसली हाय मागं. पळून आला तं उद्या लोक हासतीन."

"अन मी सांगतो, पडतेच!" मुन्नालाल कात लावता लावता ओरडला. "बलाव त्याले. पन बहू, निघायच्या आधी येवढं इचारून घे, पुलावर झेंडा कोनाचा हाय."

सगळे खदाखदा हसले. म्हणजे एकाला आपले टक्के खरे ठेवायला तिचा नवरा तिथंच हवा होता आणि दुसऱ्याला पैजेसाठी बातमीदार हवा होता.

"गुरुजी," राजकुमारी म्हणाली, "तुमचा ओमेश कुठं राहते?"

"पुन्याले. कायले?"

"तो बगदादले असता, तं किती टक्के?"

"त्याचा काय संबंध इथं?"

"सांगा ना जी. मास्तर आहा. उत्तर द्या."

गुरुजींनी पान या गालातून त्या गालात घेतलं. मग खाली बघत म्हणाले, "मंग... बलावून घेतलो असतो. बापाचं काळीज असते, बहू."

"अन माहं काय लाकडाचं हाय?"

"हेडमास्तर नापास!" मुन्नालालनं टाळी दिली.

"तू नोको हासू, मुन्नालाल. तुले तं मानूस मेला तरी चालते."

ती घरी आली. तिचं माहेर देवरीकडचं, जंगलाला लागून. तिथं दादालोकांची, म्हणजे नक्षल्यांची, खबर पेपरात यायच्या आधी गावाला कळायची. रेंजर साहेबाची बायको पोरं घेऊन गोंदियाच्या बसमध्ये बसली की माणसं रात्री घराबाहेर पडणं बंद करायची. साहेब मात्र तोंडानं सांगत राहायचा, भिऊ नका, सगळं ठीक आहे. टक्के कोणी काढत नव्हतं.

दुपारी फोन वाजला.

"काय म्हनाले गुरुजी?"

"ते राहू द्या. तुमच्या मॅनेजरची बायको कुठं हाय?"

"मेमसाब? गेली. पोरंबी गेले. आठ दिवस झाले. काऊन?"

"अन मॅनेजर तुमाले काय सांगून राहिला?"

"म्हनते, चिंता नोको. शहराले काई होत नाई."

"नाव लिहा."

"पन नोकरी..."

"नाव लिहा म्हनते ना मी!"

त्यानं लिहिलं. जूनच्या शेवटी तो गोंदियाला उतरला, हातात एक बॅग आणि तोंडावर बारा वाजलेले.

बगदाद काही पडलं नाही. तलावाच्या पाळीवर मुन्नालालच्या खर्चानं मासोळी शिजली. गुरुजींनी 'मी म्हटलं नव्हतं?' हे वाक्य इतक्या वेळा म्हटलं की ऐकणारे काटे मोजू लागले. खुमेंद्रलाही बोलावलं होतं. सगळ्यांनी त्याला 'भगोडा' म्हणून पोटभर हसून घेतलं.

घरी येऊन तो भिंतीला टेकला. "गुरुजीचं खरं निघालं. उगाच बलावलं तू. चांगली नोकरी होती. दोन वर्सं अजून झाले असते तं..."

राजकुमारी पऱ्ह्यांच्या पेंढ्या बांधत होती. तिनं मान वर केली नाही.

"अजून कुरकुर करा," ती म्हणाली. "आयकाले बरं वाटून राहिलं."